मेथी-कोथिंबिरीला कच्चं कोंबडखत टाकू नका

पाऊस उघडला की निफाड-दिंडोरीकडे सगळी कामं एकदम अंगावर येतात. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, रांगड्या कांद्याची लागवड, उन्हाळ कांद्याची रोपं. याच दिवसांत कोंबडखताच्या ट्रॉल्या बांधावर येऊन पडतात. दिवाळीचा बाजार धरून मेथी-कोथिंबीर टाकणारेही पुष्कळ. मला काळजी वाटते ती यांचीच. ट्रॉली आली, दोन दिवसांत खत विस्कटलं, पाठोपाठ मेथी पेरली, असं करू नका.

कोंबड्यांना अँटिबायोटिक दिलं की आतड्यातले बरेच जिवाणू मरतात आणि त्या औषधाला दाद न देणारे मागे उरतात. कांद्यावरचे थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, असेच फवाऱ्याला जुमानेनासे होतात, हे आपण बघतोच. पण थ्रिप्सची ती ताकद त्याच्या पिलांपुरती राहते. जिवाणू ती शेजाऱ्यालाही देतो. त्याच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएचं एक सुटं कडं असू शकतं, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. दोन जिवाणू एकमेकांना भिडले की या कड्याची नक्कल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी जाते. त्यामुळे कोंबडीच्या पोटातल्या निरुपद्रवी ई. कोलायकडची ताकद माणसाला जुलाब-ताप आणणाऱ्या साल्मोनेलाकडे पोचू शकते. एकाच कड्यावर तीन-चार औषधांचा प्रतिकार असला तर तो सगळा एका फटक्यात जातो.

प्रतिकाराची काही जनुकं तर एका डीएनएवरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसतात. अशी उडी मारणारी जनुकं पहिल्यांदा सापडली ती आपल्या येवला-मालेगावकडे घरोघर असणाऱ्या मक्यात. दाण्यांचे ठिपकेदार रंग बघत बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी ती ओळखली आणि 1983 साली त्यांना नोबेल मिळालं.

हे किती महागात पडतं ते कोलिस्टिनवरून कळेल. दुसरं काही चालेनासं झालं की दवाखान्यात हे औषध काढतात. त्याच्या प्रतिकाराचं एमसीआर-1 हे जनुक प्लाझ्मिडवरून पसरत असल्याचं 2015 मध्ये चीनमधून समोर आलं. जुलै 2019 मध्ये आपल्या केंद्र सरकारने कोंबड्या, जनावरं आणि त्यांच्या खाद्यासाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. कुणी अजून देत असेल तर घेऊ नका.

आता खताचं. कच्च्या ढिगात कोंबडीचे, गाईचे आणि मातीतले जिवाणू खेटून राहतात, ओल असते, खायला मुबलक असतं. देवाणघेवाणीला याहून सोयीची जागा नाही. म्हणून ढीग तापवा. कोंबडखतात सोयाबीनचा भुसा किंवा उसाचं पाचट मिसळा. मूठ आवळल्यावर एक-दोन थेंब निघतील इतकीच ओल ठेवा. ढिगाच्या पोटात 55 अंशांच्या वर उष्णता किमान 15 दिवस टिकली पाहिजे आणि तेवढ्या काळात निदान पाच वेळा ढीग उलथला पाहिजे, कारण बाहेरचा थर आपोआप तापत नाही. लांब दांड्याचा तापमापक घ्याच. हाताच्या अंदाजावर मी तरी विसंबणार नाही. उष्णतेने रोगकारक जिवाणू बहुतांशी मरतात. प्रतिकाराची जनुकं कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत.

कच्चं खत टाकलंच असेल तर मातीला टेकणारं पीक काढायला मध्ये 120 दिवस जाऊ द्यावेत. मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबीर दीड महिन्यात. म्हणजे पालेभाजीला कच्चं खत बसतच नाही, आणि ती आपण चटणी-कोशिंबिरीत कच्चीच खातो. द्राक्ष मांडवावर असतं, छाटणीनंतर चार महिने घेतं, तिथे धोका कमी. जुड्या नाल्याच्या पाण्यात धुऊ नका, विहिरीचं स्वच्छ पाणी वापरा.

द्राक्षवाल्यांसाठी एक गोष्ट. तांब्याचा आणि अँटिबायोटिकचा प्रतिकार काही वेळा एकाच प्लाझ्मिडवर असतो. तांबं वाढलं की दोन्ही टिकतात. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचा फवारा, यात तांबंच असतं. तो थांबवा असं मी म्हणत नाही. मात्र शिफारशीपेक्षा जास्त वेळा मारू नका आणि त्याच बोदावर कच्चं खत ओतू नका.

सटाणा-मालेगावकडे डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंचा रोग आला की हात स्ट्रेप्टोसायक्लिनकडे जातो. हेही अँटिबायोटिकच. 2021 च्या डिसेंबरात सरकारने त्याच्या शेतीतल्या वापरावर बंदीच्या आदेशाचा मसुदा काढला होता. बागेची स्वच्छता, रोगट फांद्या छाटून जाळणं, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणं, यावर भर द्या.

गोठ्यात दगडीसाठी, म्हणजे कासेच्या सुजेसाठी, गाईला औषध दिलं असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत दूध डेअरीला घालायचं नाही, हे बहुतेकांना ठाऊक आहे. ते दूध वासराला पाजलं जातं, तिथे चूक होते. त्या दुधातलं थोडं औषध वासराच्या पोटात रोज जातं आणि दाद न देणारे जिवाणू तिथेच पोसले जातात. ते दूध वासराला देऊ नका, ताज्या शेणाच्या उकिरड्यावरही ओतू नका. गोठ्यापासून आणि विहिरीपासून लांब खड्डा करून त्यात मुरवा.