उजवी रिकरंट नर्व्ह सापडत नाही? या चुका टाळा

थायरॉइडचा उजवा लोब उचलून झाला, श्वासनलिका आणि अन्ननलिकेमधली खाच मोकळी झाली, तरी स्वरयंत्राचे स्नायू हलवणारी रिकरंट नर्व्ह दिसत नाही. इथे पहिली चूक होते: खाली आणखी खोल शोधत राहणं. त्यात रक्त सुटतं, पॅराथायरॉइडचा (थायरॉइडमागच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथींचा) रक्तपुरवठा धोक्यात येतो, आणि कधी तर नर्व्ह तिथे नसतेच. १ टक्क्याहूनही कमी लोकांत उजवी नर्व्ह खाली उतरून वळसा घेत नाही. मानेतच व्हेगसमधून (मेंदूतून छातीकडे उतरणाऱ्या मूळ नर्व्हमधून) फुटून थेट स्वरयंत्राकडे जाते. अशा लोकांत उजवी सबक्लेव्हियन धमनी महाधमनीच्या कमानीची शेवटची शाखा असते आणि बहुधा अन्ननलिकेमागून जाते. म्हणून आधी काढलेला सीटी असेल, तर त्याचे छातीकडचे काप बघायला विसरू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आडवी पांढरी दोरी इन्फीरियर थायरॉइड धमनी समजून बांधणं. धमनीला ठोका असतो. नर्व्हला नसतो, ती चकचकीत पांढरी, आणि तिच्या पाठीवरून केसासारखी लाल रक्तवाहिनी धावते. कॅरोटिड (मानेतली मोठी धमनी) आणि स्वरयंत्र यांच्यामधलं आडवं काहीही ओळख पटल्याशिवाय कापू नका. कधी ही नर्व्ह ग्रंथीच्या वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्यांसोबतच येते. तिथे एकगठ्ठा गाठ मारली तर संपलंच. त्या वाहिन्या ग्रंथीला चिकटून, एकेक करून बांधाव्यात.

नर्व्ह मॉनिटर (नर्व्हला सूक्ष्म विद्युत झटका देऊन स्वरयंत्राचा प्रतिसाद टिपणारं यंत्र) असेल तर व्हेगस फक्त खालीच तपासून यंत्राला दोष देऊ नका. थायरॉइड कूर्चेच्या वरच्या कडेपाशी सिग्नल मिळतो आणि ग्रंथीच्या खालच्या टोकाखाली मिळत नाही, तर नर्व्ह वरच फुटली आहे. मात्र स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उरला असेल तर दोन्हीकडे शुकशुकाट असतो, तेव्हा भूलतज्ज्ञांना आधी विचारा.

उलटी चूकही घडते. सिंपथेटिक साखळीची (कॅरोटिडमागच्या दुसऱ्या नर्व्हजाळ्याची) जाड फांदी कधी रिकरंटला येऊन मिळते आणि हुबेहूब अशीच आडवी दिसते. ‘सापडली’ म्हणून शोध थांबतो आणि खरी नर्व्ह खाली कापली जाते. फांदीचा माग बाहेरच्या बाजूला काढा: व्हेगसला भिडली तर नर्व्ह, कॅरोटिडच्या मागे जाऊन सिंपथेटिक साखळीला मिळाली तर सिंपथेटिक.

सापडलेली रचना ऑपरेशन नोटमध्ये स्पष्ट लिहा. पुढे त्याच मानेत पुन्हा शिरणाऱ्या सर्जनला दाटलेल्या व्रणात ती शोधावी लागणार आहे.