कम्युनिटी कॉलेजात इंटरडिसिप्लिनरी स्टडीज घेताय? आधी तुमचा प्रश्न ठरवा

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात इंटरडिसिप्लिनरी स्टडीज, म्हणजे अनेक विषय जोडून शिकायचा अभ्यासक्रम, घेतलं की घरचे हमखास विचारतात, "म्हणजे नक्की काय शिकणार?" याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. नसेल येत, तर कोर्स निवडायची घाई करू नका.

मी मूळची लातूरची. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्याकडे पाणी आलं होतं. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आल्यावर माझा प्रश्न तयारच होता: पाणी कोणाला द्यायचं, हे ठरवतं कोण? त्यातून भौतिक भूगोल, सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि अमेरिकेची शासनव्यवस्था हे विषय आपसूक आले. एक कोर्स आवडतो म्हणून, दुसरा वेळ सोयीची म्हणून, असं करत गेलात तर युनिट (क्रेडिट) भरतात, पण ट्रान्सफरच्या, म्हणजे पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याच्या, अर्जात सांगण्यासारखं काही हाती राहत नाही.

पुढे कुठे जायचंय ते ठरलं की असिस्ट डॉट ऑर्ग ही कोर्स जुळवून दाखवणारी वेबसाइट उघडा. तुमचं कॉलेज, पुढचं विद्यापीठ आणि तिथला मेजर (मुख्य विषय) निवडा. डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला कोर्स दिसतो, उजवीकडे त्याच्या जागी चालणारा तुमच्या कॉलेजातला. उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' (जुळणारा कोर्स नाही) असेल, तर शेजारच्या कॉलेजाचं नाव घालून पुन्हा बघा. दोन कॉलेजांत एकाच वेळी शिकता येतं. हे पान छापून कौन्सेलरकडे न्या, अर्ध्या तासाच्या भेटीत खूप काम होतं.

कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६० सेमिस्टर युनिट लागतात. त्यातली किमान १८ तुम्ही निवडलेल्या विषयगटातली हवीत, आणि त्या कोर्सांत सी किंवा वरची ग्रेड. डी अँझासारख्या क्वार्टरवाल्या कॉलेजात हेच आकडे ९० आणि २७ होतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टरला साधारणपणे १२ युनिट घ्यावीच लागतात. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, मात्र एकेक कोर्स घेत शिकता येतं.

कौन्सेलरला हे नक्की विचारा: ही साधी असोसिएट पदवी की 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर'? कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) मधल्या प्रवेशाची हमी दुसरीला असते. 'लॉ, पब्लिक पॉलिसी अँड सोसायटी' ही अनेक विषय जोडणारी पदवी त्याच प्रकारातली, म्हणून मला ती जास्त भरवशाची वाटते. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सहा कॅम्पसना 'टॅग' हा प्रवेशाच्या हमीचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरता येतो. बर्कली त्यात नाही, पण तिथे इंटरडिसिप्लिनरी स्टडीजचा स्वतंत्र मेजर आहे आणि शेवटी स्वतःचा शोधप्रबंध लिहायचा असतो. प्रश्न घेऊन आलेल्यांसाठी त्याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा. खासगी किंवा दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात युनिट मान्य करून घेताना तोच मागतात, आणि सेमिस्टर संपल्यावर कॅन्व्हास या कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवरचं पान बंद झालेलं असू शकतं.