दाढोबाच्या पेटीत फरशी घालायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

दाढोबा म्हणजे आमचा पाळलेला सरडा, त्याच्या पेटीच्या तळाला फरशी घालायची तर सगळ्यात आधी टेप हातात घ्या. दुकानात जाऊन फरशा बघायच्या आधी पेटी आतून मोजायची, आतून हा शब्द दोनदा वाचा, कारण आमच्या खोक्यावर चार बाय दोन बाय दोन फूट असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं म्हणून मी मनातल्या मनात बारा इंची आठ फरशांचा हिशोब केला, घेऊन आलो, आणि बसवायला गेलो तर आतून लांबी सव्वा इंच कमी आणि रुंदी जवळजवळ इंचभर कमी, शेवटची ओळ काही केल्या आत जाईना. म्हणून कुठल्याही रिकाम्या पार्सलचा पुठ्ठा घ्या, तळाच्या मापाने कापा, आत टाकून बघा, पुढच्या दाराची पट्टी किती उंच आहे तेही बघा म्हणजे फरशीच्या जाडीने दार अडणार नाही, आणि तोच पुठ्ठा काखेत मारून दुकानात जा. लोक बघतात, बघू दे.

आम्ही शिकागोच्या बाहेर एका उपनगरात राहतो, दोन वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी बिअर्डेड ड्रॅगन जातीचा हा सरडा घरात आला, दाढी फुगवतो म्हणून नाव दाढोबा. आधी खाली किचन टॉवेल होते, मग दुकानातल्या मुलाने रंगीत कॅल्शियमची वाळू गळ्यात मारली, पचते म्हणे. दाढोबा किड्यांवर झडप घालताना दरवेळी जिभेला चिकटून थोडी वाळू पोटात जायची, आणि आमच्या व्हेट बाईंनी ती पहिल्याच भेटीत काढायला लावली, कारण आतड्यात गोळा होऊन अडकू शकते, पिल्लांमध्ये तर जास्तच. आता माती-वाळूचं नीट मिश्रण घालून मोठे, निरोगी ड्रॅगन मस्त सांभाळणारे लोकही आहेत आणि त्यांचं म्हणणं चूक नाही, उष्णता कमी पडली आणि अंगात पाणी कमी झालं की अडकण्याचा धोका वाढतो हेही खरं. पण लहान मूल साफसफाईला मदत करणार, आपण दिवसभर ऑफिसात, अशा घरात फरशी सोपी पडते एवढंच माझं मत.

फरशी कुठली, यावर मात्र वेळ घालवा. मी पहिल्यांदा बाथरूमच्या कामातून उरलेली पांढरी चकचकीत टाइल टाकली, फुकट होती ना, आणि दाढोबा त्यावर चालायला लागला की मागचे पाय दोन्हीकडे फाकायचे, ओल्या अंगणात आपण चपला घालून चालतो तसा जीव मुठीत धरून चालायचा, वर दिव्याचा उजेड खालून परत डोळ्यावर. एका आठवड्यात काढली. त्याला पकड लागते, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या भागातला प्राणी, कडक जमीन, दगड, कुंपणाचे खांब यांवर चढून बसणारा, त्यामुळे स्लेटची फरशी किंवा न चकाकणारी, थोडी खरबरीत पोर्सलिन हे दोन चांगले पर्याय, रंग मातकट किंवा राखाडी. स्लेटचा फायदा म्हणजे चालता चालता नखं आपोआप घासली जातात, तोटा म्हणजे काही फरशांचे पापुद्रे निघतात, म्हणून दुकानातच नखाने कड खरवडून बघायची, सुटते ती ठेवून द्यायची. आणि खरबरीत म्हणजे किती, तर मनगटाची आतली बाजू जोरात फिरवून बघा, ओरखडा आला तर त्याच्या पोटालाही येणार. चिकटपट्टीवाल्या व्हिनाइल टाइल स्वस्त दिसतात पण दिव्याखाली मऊ होतात, गोंद सुटतो, नको.

आई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, अरे एवढं कशाला शोधतोस, शहाबादी टाक, थंडगार राहते. थंडगार नकोय हाच तर प्रॉब्लेम, पण दुसरंही कारण आहे. शहाबादी काय, कोटा काय, कडप्पा काय, हे सगळे चुनखडीचे दगड, कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं की पांढरट डाग पडतो तो त्यामुळेच, आणि मी डाग काढायला व्हिनेगर वापरतो. इथल्या दुकानात ट्रॅव्हर्टीन आणि लाइमस्टोन नावाने मिळतात तेही त्याच घराण्यातले. घालायचेच असतील तर घाला, पण व्हिनेगर विसरा.

आता माझा हट्टाचा मुद्दा, फरशी चिकटवायची नाही. बाकी काही विसरलात तरी चालेल. दुसऱ्या वेळी मी हौसेने सिलिकॉन लावून, मध्ये ग्राऊट भरून अगदी हॉलसारखं काम केलं, फोटो सुंदर आला, घरच्या ग्रुपवर वाहवा झाली, आणि दीड महिन्यात वास यायला लागला कारण शीचा ओलावा ग्राऊटमध्ये मुरत होता आणि एकही फरशी काढून धुता येत नव्हती, शेवटी पुट्टीच्या पात्याने खरवडून काढताना दोन फुटल्या आणि पेटीच्या तळाला चरे पडले. तेव्हा सुट्या फरशाच, एकमेकींना घट्ट चिकटून, फट नाही. फट राहिली की त्याच्या खाण्याचे रातकिडे आणि डुबिया झुरळं खाली शिरतात, दिवसा सापडत नाहीत आणि रात्री निघून झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात, हे ऐकीव नाही, शेपटीवर खुणा बघितल्यात मी. कडेला जी बोटभर जागा उरते तिथे फरशीच्याच पट्ट्या कापून बसवा.

खाली काय, तर पेटी काचेची असेल तर फरशी थेट काचेवर नको, मध्ये एखादा खडा आला तरी काच तडकते, कपाटात घालतो तो जाळीदार शेल्फ लायनर किंवा वर्तमानपत्राची दोन-तीन पानं घाला, त्याने डुगडुगणंही थांबतं. आणि स्टँडचा विचार आधी करा. बारा इंची, पाऊण-एक सेंटीमीटर जाडीची स्लेट एक फरशी दोन ते अडीच किलो भरते, आठ धरल्या तर सोळा ते वीस किलो झाले, त्यात दगड, लाकूड, पेटीचं वजन वेगळं, पुस्तकांच्या जुन्या शेल्फवर हे ठेवायचं नाही.

कापायचं काम स्वतः करणार असाल तर साध्या सिरॅमिकला रेघ ओढून मोडायचा हातकटर पुरतो, स्लेट आणि पोर्सलिनला डायमंड ब्लेडची पाण्यावर चालणारी करवत लागते, ती होम डेपोमध्ये भाड्याने मिळते. गॉगल, चांगला मास्क, बाहेर अंगणात, कारण त्या धुळीतली सिलिका फुप्फुसाला वाईट. कापलेली कड ओल्या पॉलिश पेपरने घासून बोथट करा, आणि मागच्या बाजूला मार्करने नंबर टाका, डावीकडून एक दोन तीन. धुवायला काढल्यावर कुठली कुठे होती हे कोडं रात्री अकराला सोडवायला लागलं की नंबरांची किंमत कळते.

संच दोन घ्या. निदान दिव्याखालच्या आणि तो जिथे हमखास घाण करतो त्या कोपऱ्यातल्या फरशांची जोडी तरी हवीच, एक आत, एक वाळत.

उष्णतेचं गणित फरशी घातली की बदलतं, त्यामुळे प्राणी आत टाकायच्या आधी रिकाम्या पेटीत दोन दिवस दिवे चालवून बघायचेत, हे यादीत ठळक लिहा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आणा, काचेला चिकटवायचे गोल काटेवाले उपयोगाचे नाहीत, ते भिंतीजवळची हवा मोजतात आणि आपल्याला दगडाचा पृष्ठभाग हवाय. बसायच्या जागी ३८ ते ४२ अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला २४ ते २७, मी दर तासाला आकडे वहीत लिहिले तेव्हा कळलं की स्लेट तापायला वेळ घेते पण दुपारनंतर चढतच जाते, सकाळी बरोबर वाटलेला दिवा संध्याकाळी ४६ दाखवत होता, मग डिमर लावला. उष्णता कायम वरून. फरशीखाली हीट मॅट घालायचा मोह होतो, आमच्यासारख्या बेसमेंटवाल्यांना जानेवारीत तर होतोच, पण पोटाखालून भाजतंय हे या प्राण्यांना वेळेत कळत नाही आणि पोट जळतं. रात्री सगळे दिवे बंद, तापमान १८-२० पर्यंत उतरलं तरी मोठ्या ड्रॅगनला चालतं, फक्त थंड फरशीवर झोपायला लागू नये म्हणून एक उंच लाकूड किंवा हॅमॉक द्या. यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरणांची, लांब टी-५ ट्यूब वेगळी, ती फरशीच्या विषयात येत नाही, पण फरशी आणि लायनरमुळे तळ वर येतो तसं ट्यूबपासूनचं अंतरही कमी होतं, ते परत मोजा.

सफाईचं सामान आधीच एका बादलीत भरून ठेवा, त्याच्यासाठीच वेगळी बादली, वेगळा ब्रश. नवीन फरशा गरम पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुवून दिवसभर उन्हात. नंतर रोजची घाण लगेच टिपायची, आठवड्याला फरशी काढून आधी घासून धुवायची आणि मगच जंतुनाशक, क्लोरहेक्सिडीन किंवा एफ-१०, बाटलीवर लिहिलंय तितकी मिनिटं तसंच ठेवून मग स्वच्छ पाणी. घाणीवरच जंतुनाशक मारलं तर ते नीट काम करत नाही. पांढरा युरेटचा, म्हणजे त्याच्या घट्ट लघवीचा, खडूसारखा डाग राहिला तर पाणी घातलेलं व्हिनेगर, पण ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच नाही, विषारी क्लोरीन निघतो. आणि किचनच्या सिंकमध्ये फरशी धुवायची नाही, बायकोने पहिल्या दिवशीच बजावलं आणि बरोबर बजावलं, या प्राण्यांच्या पोटात साल्मोनेला असू शकतो, २०२४ मध्ये सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने बिअर्डेड ड्रॅगनवरून पसरलेल्या साल्मोनेलाचा तपास केला होता, त्यात पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना जास्त जपायचं असतं. आम्ही गॅरेजजवळच्या बाहेरच्या नळावर धुतो, थंडीत बेसमेंटच्या मोरीत आणि मग मोरी धुतो.

एक गोष्ट मी यादीत घेतलीच नव्हती आणि तीच अंगाशी आली. गेल्या वर्षी मार्चमध्ये दाढोबाने खाणं कमी केलं आणि रात्रंदिवस कोपऱ्यातली फरशी खरवडायला लागला, खर्र खर्र, आम्हाला वाटलं वेड लागलं. व्हेट बाईंनी पोट चाचपलं आणि म्हणाल्या, अभिनंदन, हा बाप्या नाही. मादी नराशिवायही अंडी घालते, ती फलित नसतात एवढंच, आणि खणायला जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकून जिवावर बेततं. फरशी खणता येत नाही! त्याच संध्याकाळी मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ओलसर वाळू-माती आठ इंच भरली, मूठ आवळली की गोळा राहील इतकी ओली, बोटाने बोगदा पाडून दिला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणीस अंडी. नाव दाढोबाच राहिलं, लेक बदलू देत नाही. तेव्हा नर असो मादी असो, नर आहे असं दुकानदाराने छातीठोक सांगितलेलं असो, खणायचा डबा पहिल्या दिवसापासून तयार ठेवा, त्याच्या मापाची एक फरशी काढून तिथेच बसवला की घसरतही नाही.

हलवायचा दिवस शनिवार सकाळ धरा म्हणजे दोन दिवस घरी बसून बघता येतं. जुन्या पेटीतलं एखादं लाकूड न धुता आत ठेवा, ओळखीचा वास लागतो. पहिले दोन-तीन दिवस किडे मोकळे सोडू नका, भांड्यात द्या, रात्री उरलेले मोजून काढा. पाय फाकतायत का, एकाच टोकाला गप्प बसून राहतोय का, पोट फरशीपासून उचलून चालतोय का एवढं बघा. उचलून चालत असेल तर आधी थर्मामीटर घ्या, फरशी कुठेतरी जास्त तापलीय.

उरलेल्या फरशा टाकून देऊ नका. तोच रंग पुढच्या वर्षी दुकानात असेलच असं नाही. आमच्या गॅरेजमध्ये गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे उभ्या ठेवल्यात, मधे वर्तमानपत्र घालून, नंबर बाहेरच्या बाजूला.