लहान मुलाचे जुलाब : परिचारिकेने काय तपासावे, काय द्यावे

पावसाळा लागला की इंदूरच्या आरोग्य केंद्रांवर जुलाब झालेल्या मुलांची गर्दी वाढते. अशा वेळी औषधाच्या कपाटाकडे वळण्याआधी मुलाच्या अंगातले पाणी किती घटले आहे हे ठरवावे, कारण पुढचा सगळा उपचार त्यावरच अवलंबून असतो.

मूल चिडचिडे आहे की मलूल, डोळे खोल गेले आहेत का, चमच्याने पाणी दिल्यास ते अधाशासारखे पिते की त्याला पिताच येत नाही, हे पाहावे. मग बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी अंगठा व तर्जनीत उभी धरून सेकंदभराने सोडावी. घडी दोन सेकंदांहून जास्त टिकली आणि मूल मलूलही असेल, तर शुष्कता, म्हणजे अंगातल्या पाण्याची घट, तीव्र समजावी. कुपोषित मुलात मात्र ही चाचणी फसवी ठरते.

तीव्र शुष्कतेत शिरेतून रिंगर लॅक्टेट हे क्षारयुक्त द्रावण (सलाइन) द्यावे लागते. ती सोय नसल्यास मुलाला लगेच इंदूरच्या एम. वाय. या मोठ्या सरकारी रुग्णालयासारख्या ठिकाणी पाठवावे. गिळता येत असेल तर वाटेत ओआरएस (मीठ-साखरेच्या पुडीचे द्रावण) पाजत राहावे.

मूल चिडचिडे, तहानलेले, पण शुद्धीवर असेल, तर केंद्रावरच थांबवून किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे १० किलोच्या मुलाला ७५० मिलिलिटर ओआरएस ४ तासांत चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश सुरू करावे. चार तासांनी सर्व लक्षणे पुन्हा तपासावीत.

एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचे, हे आईकडून करवून घ्यावे. पेलाभर पाण्यात थोडी पूड टाकण्याची सवय घातक आहे, कारण मीठ-साखरेचे प्रमाण बिघडले की आतडे पाणी नीट शोषत नाही. नळाला येणारे नर्मदेचे साठवलेले पाणी उकळून गार करून घ्यावे आणि उरलेले द्रावण २४ तासांनी टाकून द्यावे.

झिंक १४ दिवस द्यावे : सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. साध्या पातळ जुलाबांवर प्रतिजैविक देऊ नये. जुलाब थांबवणारी गोळी तर मुलांना मुळीच नको. घरची मोठी माणसे खाणे तोडायला सांगतात, तेव्हा "आजी, अंगावरचे दूध चालू राहू द्या, आसट वरणभातही भरवा" असे त्यांनाच आदराने सांगावे, कारण स्वयंपाकघरात त्यांचाच शब्द चालतो.

शौचात रक्त, ताप, वारंवार उलट्या किंवा पिणे बंद झाल्यास त्याच दिवशी परत आणायला सांगावे.