आजारी कैद्याच्या सुटकेचा अर्ज

माझे थोरले दीर अमेरिकेतल्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगात होते, तेव्हा त्यांचा अर्ज मीच लिहिला. म्हणून सांगते. पहिला अर्ज वॉर्डनला, म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखाला. त्याची प्रत आणि पोहोचल्याची तारीख जिवापाड सांभाळा, कारण तिथून 30 दिवस मोजायचे. ते उलटले, की 2018 च्या फर्स्ट स्टेप कायद्यामुळे कैद्याला स्वतः शिक्षा सुनावणाऱ्या कोर्टात जाता येतं.

वयाचं कारण द्यायचं तर वय किमान 65 हवं, म्हातारपणामुळे तब्येत फार खालावलेली हवी, आणि 10 वर्षं किंवा शिक्षेचा 75 टक्के भाग, यातलं जे कमी ते भोगून झालेलं हवं. असाध्य आजारात मात्र 'किती महिने उरलेत' हे डॉक्टरांकडून लिहून आणायची सक्ती नाही.

नुसतं 'ते फार आजारी आहेत' लिहू नका हो. मी लिहिलं होतं: शर्टाची बटणं लावता येत नाहीत, जेवणाचा ट्रे शेजारचा कैदी उचलतो. प्रत्येक वाक्याला वैद्यकीय कागद जोडला. सुटल्यावर कुठे राहणार, औषधपाणी कोण बघणार, तेही लिहा. न्यायाधीश गुन्ह्याचं स्वरूप आणि लोकांची सुरक्षितताही बघतात. राज्यांच्या तुरुंगांचे नियम वेगळे, ते आधी विचारून घ्या.