स्क्रूला हात लावण्याआधी: चेनसॉच्या इंजिनाबाबत या चुका टाळा

निसर्ग (3 जून 2020) आणि तौक्ते (मे 2021) या वादळांत कोकणातल्या वाड्यांमध्ये आडवी झालेली झाडं ज्यांनी पाहिली, त्यांना चेनसॉ तयार ठेवण्याचं महत्त्व सांगायला नको. पण कोपऱ्यात पडून राहिलेलं मशीन रेस दिल्यावर दबू लागलं की हात लगेच स्क्रूड्रायव्हरकडे जातो, आणि चांगली इंजिनं इथेच कामातून जातात. ज्याचे स्क्रू आपण फिरवतो त्या कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

साखळीचा दोष इंजिनावर ढकलणे

‘मशीनमध्ये दम राहिला नाही’ अशी तक्रार असेल तर खाली काय पडतंय ते बघा. जाडसर छिलके पडत असतील तर साखळी ठीक आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर दात बोथट आहेत. कानस मारा, इंजिनाला हात लावू नका. त्यानंतर एअर फिल्टर, टाकीतला पेट्रोल फिल्टर, प्लग (गॅप साधारण 0.5 मिमी) आणि सायलेन्सरची जाळी बघा. जाळी काजळीने बुजली की मशीन पूर्ण रेस घेत नाही, आणि ती उघडून बघायचं फारसं कुणाला सुचत नाही.

अंदाजाने ऑइल ओतणे

पेट्रोलमध्ये मिसळायच्या चांगल्या प्रतीच्या टू-स्ट्रोक ऑइलसाठी बहुतेक कंपन्या 50:1 सांगतात, म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिली. बाजारातल्या स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत अनेकदा 25:1 असतं, म्हणजे 40 मिली. आपल्या मशीनची पुस्तिका म्हणेल ते खरं. मोजमाप मापाच्या बाटलीनेच करा, झाकणाने नको.

‘थोडं जास्त ऑइल टाकलं तर इंजिन सुरक्षित’ हा समजही सोडा. ऑइल वाढलं की त्याच थेंबातलं पेट्रोल तेवढंच कमी होतं. काजळी वाढते आणि मिश्रण उलट किंचित लीनच (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं.

पेट्रोलची गोष्ट आणखी गंभीर आहे. पंपावर आता सर्रास ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, तर अनेक चेनसॉच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा 10 टक्के आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, कार्बोरेटरचा रबरी पडदा आणि नळ्या त्याने लवकर खराब होतात, आणि त्यात ऑक्सिजन असल्यामुळे त्याच सेटिंगवर इंजिन जास्त लीन चालतं. म्हणून महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा. मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर (रेस न देता) चालू द्या. एवढी एकच सवय लागली तरी मे महिन्यातल्या निम्म्या तक्रारी उरणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

चढा आवाज म्हणजे चांगलं ट्यूनिंग, असं मानणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कार्बोरेटरवरचा एच स्क्रू पूर्ण रेसवर किती पेट्रोल जाईल ते ठरवतो. तो आत घेतला की पेट्रोल कमी होतं, आवाज चढतो, मशीन तल्लख वाटतं. पण टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल तोडलं की वंगणही तुटतं, उष्णता वाढते आणि एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनवर ओरखडे पडून तो जाम होतो.

इंजिन गरम करून आधी एल (कमी रेसवरच्या पेट्रोलचा स्क्रू), मग आयडलचा वेग ठरवणारा एलए किंवा टी, शेवटी एच, असा क्रम ठेवा. एल आत घेत आयडल सर्वात वर जाईल ती जागा शोधा आणि तिथून साधारण पाव फेरा बाहेर या. रेस दिल्यावर इंजिन न अडखळता उचललं पाहिजे. आयडलवर साखळी अजिबात फिरता कामा नये. एच मात्र एक अष्टमांश फेऱ्यानेच हलवा. लाकडाबाहेर पूर्ण रेसवर आवाज किंचित फुटका, घरघरता यावा आणि लाकडात शिरताच स्वच्छ व्हावा. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारं यंत्र) मिळाला तर पुस्तिकेतल्या कमाल आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) पुढे कधीही जाऊ नका. हे करताना पट्टी-साखळी लावलेली हवी आणि चेन ब्रेक सोडलेला हवा, नाहीतर क्लच जळतो. स्वतःच सेटिंग जुळवणाऱ्या ऑटो-ट्यून मशीनला हे स्क्रू नसतातच.

महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटर उंचीवर, विरळ हवेत इंजिन रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालतं म्हणून एच आत घेतला असेल, तर मशीन खाली किनाऱ्यावर आणल्यावर तो परत बाहेर घ्या.

हवेची गळती स्क्रूने झाकणे

रेस सोडल्यावर आवाज खाली यायला वेळ लागतोय, आयडल वरखाली होतोय, मशीन आडवं केलं की आवाज बदलतोय? मग कुठून तरी हवा आत शिरतेय; क्रँकचं सील (इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीची रबरी रिंग) किंवा इनटेकचा रबरी बूट (कार्बोरेटर आणि इंजिन जोडणारा) तपासून घ्या. सेटिंग बदलून आवाज दोन दिवस जागेवर येईल, पण हवा आत शिरतच राहील. गळती शोधणारी प्रेशर-व्हॅक्यूम चाचणी करणाऱ्या मेकॅनिककडेच मशीन द्या, आणि तोवर चालवू नका.