डोंगर-जंगलाचं चित्र घरात लावताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी आणि मला सगळ्यात जास्त सलणारी चूक म्हणजे फ्रेममध्ये बसावं म्हणून चित्र कापणं.

अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च याचं ‘हार्ट ऑफ द अँडीज’ घ्या, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगररांगांचं चित्र. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं हे चित्र साडेपाच फूट उंच आणि जवळपास दहा फूट रुंद आहे. मी त्याची पहिली प्रिंट काढायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, “साहेब, ३६ बाय २४ची तयार फ्रेम आहे, आजच घेऊन जा.” मला घाई होती, हो म्हटलं. घरी टांगल्यावर लक्षात आलं, डावीकडची पट्टीच उडाली होती. त्याच पट्टीत ऊन पडलेलं एक खोड आहे आणि त्याच्या सालीवर चर्चने आपलं नाव आणि १८५९ हे वर्ष कोरल्यासारखं रंगवलंय. ते गेलं. मागचं बर्फाचं चिंबोराझो शिखर कडेला चिकटलं. दोन दिवस मला त्या भिंतीकडे बघवेना. शेवटी दुसरी प्रिंट काढली.

तेव्हापासून आधी प्रिंट, मग तिच्या मापाची फ्रेम. या चित्राला ३६ इंच रुंदी हवी असेल तर उंची २० इंच, जास्त नाही. फ्रेमवाल्याने आठ दिवस लावले तर लावू द्या.

प्रिंटवाला “कलर जरा वाढवून देऊ?” म्हणाला तर सरळ नाही म्हणा. धुक्यातली हिरवाई पोपटी होते.

फार उंच टांगू नका. १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये लोक २५ सेंट मोजून, हातात छोट्या दुर्बिणी घेऊन हे चित्र बघायला येत, कारण त्यातलं पान न् पान बघण्यासारखं आहे. दाराच्या चौकटीवर लावलं तर त्यातलं काय दिसणार? चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर ठेवा.

समोर ट्यूबलाइट नको, काचेत तीच दिसते. थेट ऊनही नको, रंग उडतात.

राहिली ओल. पश्चिमेची बाहेरची भिंत जुलैत हात लावून बघा, गार आणि दमट लागली तर तिथे चित्र लावूच नका. दुसरी भिंत नसेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, नाहीतर कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंगासकट निघतो. मी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फ्रेम उतरवून मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसतो.